माशांच्या वाटचं पाणी

तुम्ही पिता ते पाणी चांगलं आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? नीट आठवून बघा. जिभेनंच सांगितलं ना? गोड लागतं, घशाखाली गार उतरतं, डाळ लवकर शिजते. झालं, पाणी पास. जिभेला एवढे अधिकार आपण दुसऱ्या कशात देत नाही. जळगावात सोनं घ्यायला गेलेला माणूस बांगडी चाटून बघत नाही.

शिंदखेड्याच्या प्रेमराजचा जिभेवर असाच भरवसा होता, आणि तो त्याला बापाकडून आला होता. गावाच्या कडेला, शेतं संपतात तिथे त्याची कॉलनी. तिथल्या जमिनीत पाणी होतं, पण खारं. ज्याने त्याने बोर मारली आणि ज्याने त्याने तोंड वाकडं केलं. एकट्या रुपचंद आबांच्या, म्हणजे प्रेमराजच्या वडिलांच्या बोरला गोड पाणी लागलं. आबांनी त्या दिवशी कंपाउंडच्या भिंतीला बाहेरून नळ काढला आणि सांगितलं, हा नळ बंद व्हायचा नाही. आबा गेले. नळाच्या जागी स्टीलची टाकी आली, वर आबांचा फोटो असलेली फरशी बसली आणि तिची पाणपोई झाली. कॉलनीत मूल जन्मलं की त्याची घुटी याच पाण्यात उगाळायची, असा रिवाज पडला. देवळात नारळ फोडावा तितक्या सहजपणे लोक बारशाआधी तांब्या घेऊन यायचे.

प्रेमराज रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पाणपोईचे नळ स्वतः घासायचा. तिथे नोकर लावला नाही. त्याचं दुकान खत-बियाण्याचं. चांगलं चालणारं. माणूस वाळका, आवाज मोठा, आणि आपल्याला नायट्रोजन या विषयात कोणी काही शिकवू शकेल हे त्याला मान्य नव्हतं.

आता यात समुद्र कुठून आला ते सांगायला हवं.

खताच्या कंपन्या डीलर लोकांना सहलीला नेतात. टार्गेट पूर्ण करणाऱ्याला विमान, उरलेल्याला छत्री. प्रेमराजला त्या वर्षी विमान मिळालं, अंदमानचं. तिथे तळाला काच असलेल्या होडीत बसवलं. बाकीच्या डीलरांनी पत्ते काढले. प्रेमराज काचेतून खाली बघत राहिला. खाली प्रवाळाचं रान होतं. हलणारं, फुलणारं, त्यात मासे गुरांसारखे चरत होते. एकाने विचारलं, "भाऊ, पान टाका ना." प्रेमराजने पान टाकलं ते चुकीचं टाकलं आणि डाव घालवला. होडी किनाऱ्याला लागली तरी तो उठेना. होडीवाल्याला वाटलं याला मळमळतंय.

घरी आल्यावर त्याने बायकोला, ललिताला सांगितलं, "आपल्या घरमा समुद्र ठेवसूत."

ललिताने विचारलं, "कोठे?"

"टीव्हीनी जागावर."

टीव्ही उचलला गेला. जळगावला मेहरूण तलावाच्या बाजूला बन्सीलाल नावाचा माणूस माशांचं दुकान चालवतो, त्याच्याकडून काचेची मोठी टाकी आली, पंप आले, निळे दिवे आले, समुद्राचं मीठ डब्यातून आलं. दगडी प्रवाळ कायद्याने बंद आहे, ते मी विकणार नाही, असं बन्सीलालने आधीच बजावलं. त्याने टाकीतच वाढवलेलं मऊ प्रवाळ दिलं. एक बुंधा, वर पसरट टोपी आणि टोपीवर बारीक बारीक हलणारे हात. सोबत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. निघताना तो म्हणाला, "प्रेमराजभाऊ, मीठ कालवायला आरओचं पाणी घ्या."

प्रेमराजने ऐकलं आणि सोडून दिलं. आरओ ज्यांचं पाणी वाईट त्यांच्यासाठी. त्याच्या घरी आबांची बोर होती.

समुद्र लागला. ललिताने टाकीपुढे उभं राहून विचारलं, "हाई फ्लॉवर कव्हय रांधवानं?" त्यावर नवरा दोन जेवणं तिच्याशी बोलला नाही. समोरची धुरपदाबाई, जिला सगळी कॉलनी अक्का म्हणते आणि सगळी कॉलनी घाबरते, ती मुद्दाम बघायला आली. तिने टाकी पाहिली, मिठाचा डबा पाहिला आणि ओट्यावर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बापनी गोड पानी काढं, पोऱ्या त्यामा मीठ घाली ऱ्हायना!"

पहिले काही महिने प्रवाळ फुललं. प्रेमराज खताच्या गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवायचा. शिंदखेड्यात समुद्र असलेला तो एकटा होता आणि हे तो स्वतःच सांगायचा, दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायचा नाही.

मग काचेवर हिरवा थर धरायला लागला. पुसला, पुन्हा आला. दगडांवर केसासारखं शेवाळ चढलं. प्रवाळाने हात आत ओढून घेतले आणि ते गळाठून बसलं. प्रेमराजने बन्सीलालला फोन लावला.

"नायट्रेट वाढलंय," बन्सीलाल म्हणाला.

"मला नायट्रेट शिकवता? मी नायट्रेट विकतो!"

"म्हणूनच तुम्हाला लवकर कळेल. शेवाळ म्हणजे पीकच. तुमच्या टाकीत पीक जोरात आहे मालक, फक्त चुकीचं पेरलंय."

बन्सीलालने तपासणीची पेटी पाठवली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले थेंब टाकायचे, दुसरी बाटली खडखड हलवून तिचे टाकायचे, मग हात बांधून थांबायचं. नळी पिवळी राहिली तर नायट्रेट नाही. नारिंगी झाली तर आहे. प्रेमराजची नळी लाल झाली.

त्याने माशांचं खाणं अर्धं केलं. नळी लाल. ललिता चोरून जास्त घालते असा संशय घेऊन खाण्याची डबी कपाटात कुलपात ठेवली. नळी लाल. बन्सीलाल म्हणाला, थोडं पाणी काढा आणि नवं घाला, नायट्रेट पातळ होईल. प्रेमराजने पाणी बदललं. लाल. चिडून जास्त बदललं. नळी जास्त लाल. दोन मासे एवढी घाण करतात यावर त्याचा विश्वास बसेना. तो त्यांच्याकडे उधारी बुडवणाऱ्याकडे बघावं तसा बघायला लागला.

त्यात एप्रिल लागला. खानदेशातला एप्रिल काय असतो हे नव्याने सांगायला नको. टाकीतलं पाणी दिवसभरात वाफ होऊन बोटभर उतरायचं. रोज संध्याकाळी प्रेमराज बोरच्या पाण्याचा जग त्यात ओतून रेघ भरून काढायचा. वाफ एकटी जाते. पाण्यात विरघळलेलं काही सोबत नेत नाही. दूध आटवताना साखर उडून गेली असं अजून कुठल्या घरात झालेलं नाही. रोजचा जग आटत होता आणि जगातलं जे होतं ते टाकीत साठत होतं. हे बेरजेचं काम होतं, आणि प्रेमराज बेरजेत कच्चा नव्हता. पण ज्या आकड्यावर आबांचा फोटो लावलाय, तो आकडा माणूस बेरजेत धरत नाही.

बन्सीलालने एकदा फोनवर विचारलं, "भाऊ, पाणी कुठलं वापरता?"

प्रेमराजने फोन ठेवला. कोणाच्या बापाबद्दल असं विचारतात का?

चार दिवस तो धुमसत राहिला. मग ठरवलं, या बन्सीलालचं तोंड बंद करायचं. त्याने ओट्यावर दोन नळ्या मांडल्या. एकीत टाकीचं पाणी, एकीत थेट पाणपोईच्या नळाचं. लाल आणि पिवळी अशा दोन नळ्या शेजारी धरून फोटो काढायचा आणि जळगावला पाठवायचा, हा बेत. थेंब टाकले, बाटली हलवली, हात बांधून उभा राहिला. ललिता चहा घेऊन आली, तिने कप ठेवायला जागा करावी म्हणून नळ्या सरकवल्या.

"आता यामा टाकीनी कोनती?" तिने विचारलं.

प्रेमराजने बघितलं. त्यालाही सांगता येईना. दोन्ही एकाच कुंकवाच्या करंड्यातून काढल्यासारख्या.

त्याने पेटी खोटी ठरवली. बोरचं पाणी बाटलीत भरून सकाळच्या गाडीने तो जळगावला गेला. बन्सीलालने आपल्या पेटीने तपासलं आणि नळी त्याच्यापुढे धरली. तीही लाल.

"मग माशांना काय घालू?" प्रेमराजने विचारलं.

"आरओचं."

"आणि माणसांना?"

बन्सीलालने नळी धुवून उपडी ठेवली. "मी मासे विकतो, भाऊ."

तरीही समाधान नाही म्हणून तो दुसरी बाटली घेऊन धुळ्याच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाईंनी त्याला सांगितलं, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तुमचं त्याच्या दुपटीवर आहे. त्यांनी विचारलं, "बाटलीवर वाढणारं लहान मूल आहे का घरात? त्याला हे पाणी देऊ नका. बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहता येत नाही, ओठ निळे पडतात." घरात नाही, असं प्रेमराजने सांगितलं. ते खरं होतं. फक्त घरात नव्हतं.

"पण बाई, पाणी गोड आहे हो," तो म्हणाला.

"नायट्रेटला चव नसते," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाची बाटली घेतली.

आता प्रेमराजने जे केलं ते ऐका, आणि त्याला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या घराकडे एकदा बघून घ्या. त्याने माशांसाठी आरओच्या पाण्याचे जार लावले. पहिल्या जारवाल्याचं पाणी त्याने नळीत घालून बघितलं. लाल. कोणाच्या तरी बोरचंच पाणी थंड करून निळ्या जारमध्ये भरलेलं. त्याला शिव्या घालून परत पाठवला. दुसऱ्याचं पिवळं निघालं, ते ठेवलं. माशांसाठी एवढी पारख झाली. आणि पाणपोई? पाणपोई चालू.

म्हणजे तो झोपत होता असं नाही. रोज सकाळी नळ घासताना तो स्वतःला सांगायचा, इतकी वर्षं लोक पितायत, कोणाला काय झालं. ऐन उन्हाळ्यात आबांचा नळ बंद करायचा? कारण काय सांगायचं? पाण्यात खत उतरलंय म्हणून? मग लोक विचारतील खत कोणाच्या दुकानातलं.

ललिताने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मंग आपुन कोनतं पानी पेवानं?" त्यावर प्रेमराजने माठातला बोरच्या पाण्याचा गडवा तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. ललिताने त्याचं पिणं पुरतं होऊ दिलं. मग जारमधून स्वतःसाठी ग्लास भरला आणि म्हणाली, "तुम्हीन आबाना पोऱ्या शेतस. मी काय आबानी आंडेर नही." आंडेर म्हणजे मुलगी. सून असण्याचा फायदा तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतला.

इकडे टाकीची नळी उतरत लाल, नारिंगी, फिक्या नारिंगीवर आली. शेवाळ सुटायला लागलं. प्रवाळाने एके दिवशी दोन-चार हात बाहेर काढून बघितले. प्रेमराजला आनंद झाला, पण तो कोणाला सांगावा हे कळेना.

जार काही लपत नाहीत. धुरपदाबाईने ओट्यावरून ते रोज मोजले आणि एका सकाळी हाक मारली.

"प्रेम्या! तुन्हा घर लगीन शे का? जार कसाले?"

"टाकीले, अक्का. माशासले."

"मासा जारनं पानी पेतस आन आम्ही बोरनं?" अक्काने दोन्ही बाजूंचे ओटे जागे होतील इतका आवाज काढला. "आम्ही काय तुन्हा माशासथून हलका शेतस का रे?"

सगळे हसले. प्रेमराजही हसला. ते हसणं त्याला दिवसभर पुरलं नाही.

आणि मग कळलं की अक्काची नातसून दिपमाला बाळाला घेऊन माहेराहून येतेय. मुलगा झाला होता, तिला दूध उतरत नव्हतं, बाळ पावडरच्या दुधावर होतं. पावडर पाण्यात कालवायची. पाणी कुठलं, हा प्रश्न त्या कॉलनीत कोणी विचारला नसता.

दिपमाला यायची त्या सकाळी प्रेमराज नळ घासत होता. धुरपदाबाई घासून लख्ख केलेला तांब्याचा हंडा घेऊन आली, मागे दोन बाया.

"भर रे पोऱ्या. पनतू येस मन्हा आज. आबानं पानी पी मोठा व्हई."

प्रेमराजने नळावर हात ठेवला. "मोटर बिघडी गई, अक्का."

अक्काने त्याचा हात बाजूला केला आणि नळ फिरवला. पाणी धो धो आलं. हंड्याचा तळ वाजला.

"चांगली बिघडेल शे," अक्का म्हणाली.

हंडा भरत चालला. प्रेमराज वर बघत होता, फरशीतल्या आबांकडे. फोटोत आबा फेटा बांधून बसले होते, फोटोत सगळेच बसतात तसे. हंडा काठापर्यंत आला, मागच्या एका बाईने उचलायला हात घातला, तेव्हा प्रेमराजने नळ बंद केला आणि हंड्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"पोऱ्याले हाई पानी देऊ नका."

"काब?" अक्काने कारण विचारलं.

तो घरात गेला. पेटी घेऊन आला. पाणपोईच्या कट्ट्यावर एका नळीत हंड्यातलं पाणी घेतलं, दुसरीत माशांच्या जारमधलं. थेंब टाकले. दुसरी बाटली खडखड हलवून तिचेही टाकले. लोक जमले. हात बांधून थांबायचं असतं ते सगळ्या कॉलनीने थांबून बघितलं. एक नळी पिवळी राहिली. दुसरी लाल झाली.

"हाई काय शे?" अक्काने विचारलं.

"जे मन्हा प्रवाळले नही पचनं ते. धाकला पोऱ्यासना ओठ निळा पडतस यानी."

"उकाळीसन दिसूत," अक्काने उकळून द्यायचा तोडगा काढला.

"उकाळं तं आखो जाड व्हस, अक्का. दूध आटाडतस तसं. पानी उडी जास, हाई खाले ऱ्हास."

अक्काने लाल नळी उचलून उजेडात धरली.

"रुपचंदनं पानी कोनी बिघाडं?" तिने विचारलं.

"आपूनच. वावरमा लागस त्यानाथून जास्त युरिया टाकतस, गल्लीमा संडासना खड्डा खंदतस. ते बठ्ठं खाले उतरस."

"आन युरिया कोन ईकस?"

प्रेमराजचा आवाज मोठा होता हे वर सांगितलंय. या वेळी तो शेजारच्या बाईलाही पुरता ऐकू गेला नाही.

"मी."

अक्काने त्याच्याकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. मग हंडा कमरेला घेतला. सगळ्यांना वाटलं घेऊन जाते. ती चार पावलं चालून भिंतीपाशी गेली. तिथे केळीचं झाड होतं, प्रेमराजनेच लावलेलं.

"झाडले चालस ना?"

"झाडले चालस. झाडले आवडसच ते."

अक्काने सगळा हंडा केळीच्या बुंध्याला ओतला. मग रिकामा हंडा त्याच्यापुढे धरला.

"मंग माशासनं पानी दे."

त्या दिवशी घरातले सगळे जार दिपमालाकडे गेले. टाकी बोटभर खाली राहिली. मासे काही बोलले नाहीत.

पाणपोई बंद झाली. फरशीवरचे आबा तिथेच आहेत. नळांना प्रेमराजने सळई घालून कुलूप लावलं. लोक आठ दिवस त्याला माशांपायी वेडा झालेला म्हणाले, नवव्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी जार दिसायला लागले. काहीजण अजून अंधार पडल्यावर विचारतात, भाऊ, एक कळशी द्या ना, गोड आहे हो. पाण्याच्या शुद्धीकरणासाठी कॉलनीने नगरपंचायतीला अर्ज दिलाय, त्याचं जे व्हायचं तेच होतंय. नुसत्या अर्जाने हलणारं ऑफिस अजून कोणी बघितलेलं नाही, त्यामुळे अक्का दर सोमवारी तिथे जाऊन बसते. दुकानात प्रेमराज युरियाचं पोतं देताना किती टाकायचं ते आधी ऐकवतो. गिऱ्हाईक वैतागून पलीकडच्या दुकानात जातं. विक्री उतरली. या वर्षी त्याला विमान नाही, छत्री मिळाली.

दिपमालाचं बाळ आता रांगतं, आणि रांगत रांगत थेट त्या टाकीपाशी जातं. प्रवाळ पूर्ण फुललंय. मध्यंतरी नायट्रेट इतकं खाली गेलं की ते फिकं पडायला लागलं, कारण त्यालाही थोडं लागतंच. तेव्हा ज्याने आयुष्यभर नायट्रेट पोत्याने विकलं, त्याने दुकानातलं चिमूटभर पाण्यात विरघळवून थेंबाथेंबाने टाकीत सोडलं. ललिता म्हणाली, एवढा हात तुम्ही भाजीत मीठ टाकताना धरला असता तर बरं होतं.

रविवारी सकाळी प्रेमराज बंद पाणपोईच्या कट्ट्यावर ती पेटी घेऊन बसतो. कोणीही यावं, आपलं पाणी आणावं, नळीचा रंग बघून जावं. नळी लाल झाली की तो धुळ्याच्या प्रयोगशाळेचा रस्ता सांगतो. तुमची बोर गोड असेल, आजोबांनी मारलेली असेल, तिला नवसाचा नारळ वाहिलेला असेल, तरी एक बाटली भरा. जिथे राहता तिथे तपासून घ्या, नाहीतर शिंदखेड्याला घेऊन या. पण बाटली आधी त्याच पाण्याने चार वेळा विसळून आणा, थंड पेयाची तशीच उचलून आणू नका. माणूस तिरसट आहे, परत पाठवेल.